दोन पट्ट्या खाली

"ताई, नऊ नंबरच्या तारा न्या. बारीक असतात, बोटाला तरास न्हाई," वाद्यांच्या दुकानातल्या शिवशंकरनं गिटारच्या तारांचं पाकीट पुढं सरकवलं.

"बोटाचं सोडा भाऊ. अकरा नंबर दाखवा, जाड."

"अकरा? बोटं सोलतील की!"

"दवाखान्यात हात धुऊधुऊ कवाच सोलली ती," बुद्धप्रिया हसली.

अर्धापूरच्या दवाखान्यात ती नर्स होती. ड्युटी संपली की मात्र सुमनबाईंच्या भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. एप्रिलचं ऊन, उघडा मांडव, घामानं ओली बोटं. यात नांदेडच्या बाजारातली कुठलीच तार टिकत नसे. महिन्याभरात गंज धरायची, नाहीतर गाणं रंगात आलं की उतरायची. शिवशंकरनं वरून बारीक लेप दिलेल्या अकरा नंबरच्या तारा काढल्या. "ह्याला घाम लागत न्हाई. लई दिवस जातेत."

त्या तिनं घेतल्या. पण जाड तारांचं खरं कारण वेगळं होतं, ते तिनं त्याला सांगितलं नाही.

साठी ओलांडलेल्या सुमनबाईंचा आवाज आता वर चढेनासा झाला होता. मागच्या तालमीत वरचा सूर मध्येच तुटला. "ऊन बाधलं गं," म्हणून बाई हसल्या. पण पेटीवाल्या ग्यानोबाकाकांनी पट्टी उतरवायचं नाव काढताच ताडकन उठल्या. "ज्या दिवशी पट्टी उतरंल, त्या दिवशी मी बी स्टेजवरून उतरंन!"

लहानपणी आईच्या मांडीवर बसून बुद्धप्रियानं हाच आवाज ऐकला होता. तो लोकांसमोर तुटलेला तिला पाहवला नसता. त्या तालमीनंतर घरी जाऊन तिनं गुपचूप गिटार दोन पट्ट्या खाली लावून पाहिली होती. बारीक तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबल्या. जरा दाबलं की सूर हलायचा. खाली उतरूनही ताठ राहील अशी तार हवी होती.

शिवशंकरनं तारा बसायच्या खाचा कानशीनं रुंद करून दिल्या. "अरुंद खाचंत जाड तार अडकती, मग सूर जाग्यावर येत न्हाई." घरी तिनं रोज तारा बोटांनी ओढायच्या, खुंट्या पिळून पुन्हा सुरात आणायच्या, असं चालवलं. शेवटी तारा ओढूनही सूर हलेना, तेव्हा तिनं ग्यानोबाकाकांना फोन लावला.

"काका, पेटी दोन पट्ट्या खाली धरा. सुमनमावशीला सांगायचं न्हाई."

"मार खाशील पोरी," काका म्हणाले. मग हळूच, "मी बी खाईन. धरतो."

मुखेडच्या मैदानावर जयंतीच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पुढं बसल्या होत्या. बुद्धप्रियानं सुरुवातीचा तुकडा छेडला. जाड तारांचा भरीव आवाज मैदानभर घुमला. सुमनबाईंनी क्षणभर मान वळवली, पण गाणं धरलं. आणि वरची ओळ आली तेव्हा आवाज असा मोकळा गेला की बाया उठल्याच! शिट्ट्या, टाळ्या, निळा गुलाल. एक म्हातारी काठी टाकून नाचायला लागली. बुद्धप्रियाच्या कपाळावरून घाम गिटारवर टपटपत होता, पण एक तार जागची हलली नाही. ती वाजवत होती आणि हसत होती, तिला हसू आवरतच नव्हतं.

गाणं संपलं. सुमनबाई वळल्या. माईकवर तळवा दाबून त्यांनी विचारलं, "किती उतरवलीस?"

बुद्धप्रियानं कपाळावरचा घाम पुसला. "दोन, मावशी."

ग्यानोबाकाका पेटीच्या भात्याकडं बघत बसले.

"माझा आवाज हाय. मला कळणार न्हाई व्हय?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. समोर लोक "आणखी एक! आणखी एक!" ओरडत होते. बाई गर्दीकडं वळल्या. मग त्यांनी माईकवरचा हात काढला.

"माय-बापहो, आवाजाचं बी वय होतंय. आजपासून माझी पट्टी हीच."

पदर कमरेला खोचून, साथीची वाट न बघता त्यांनी पुढचं गाणं उचललं.