ठेवलेले वीस

मी बोलतोय खरा, पण ताठ मानेने नाही. मुळात मला मान नाहीच. मला वीस बाजू आहेत, वीस आकडे आहेत, आणि सध्या त्यातला एकही कुणाला दाखवावासा वाटत नाही. मी वीस बाजूंचा फासा. अंगाचा रंग वांग्याचा, आकडे पांढरे, आकार बोराएवढा.

फासा म्हटलं की लोकांना जुगार आठवतो. तसा मी नाही, एवढं तरी आधीच सांगून टाकतो. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. उजेड पाहिला तेव्हा मी सहा भावंडांसोबत एका पारदर्शक डबीत होतो आणि समोर समीक्षाचा चेहरा होता. ती अमरावतीला शिकायला होती. तिथे होस्टेलवर तिला हा गोष्टींचा खेळ लागला, आणि शिक्षण संपवून ती धनजला घरी परतली तेव्हा मीही तिच्या बॅगेतून आलो.

खेळ सोपा आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. समोर वाघ आला, पूल तुटला, दरोडेखोर आले, की सांगणारा विचारतो, "तू काय करतोस?" ज्याचं त्याने ठरवायचं. आणि ते जमेल की नाही अशी शंका असली की मला फेकायचं. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर फसलं. वीस पडले की सगळे उड्या मारतात. त्या उड्यांची मला चटक लागली होती, लपवून काय उपयोग?

समीक्षा आता जवळच्या कारंज्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिथली ज्योत्स्ना आणि मोबाइल दुरुस्त करणारा हरीओम या दोघांना तिने रविवारी दुपारी घरी खेळायला बोलवायला सुरुवात केली. दोघंही अगदी नवखे. हरीओमने पहिल्याच दिवशी मला इतक्या जोराने फेकलं की मी सांबाराच्या जुडीत जाऊन पडलो. ज्योत्स्नाला स्वतःला दुसरं नाव घेऊन बोलायची लाज वाटे. समीक्षा कधी चिडली नाही. "होते, होते, पहिल्यांदा असंच होते," म्हणायची.

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ती तिथे होती, कारण ज्या खोलीत आम्ही खेळायचो तीच भाजी निवडायची खोली. समीक्षाचं घर भाजीवाल्यांचं. मळ्यातली भाजी तिची आई, चंदाबाई, कारंज्याच्या बाजारात नेऊन विकते. रविवारी ती दाराशी उजेडात बसून मेथीच्या जुड्या बांधायची. पाठ आमच्याकडे, पण कान सगळे गोष्टीत. मधेच हात थांबायचे. वीस पडले की पोरं ओरडायची आणि ती पाठमोरीच हसायची.

एका रविवारी ती म्हणाली, "मले बी एक माणूस द्या ना व गोष्टीतला."

समीक्षाला काय आनंद झाला! आई खेळायला बसावी हे तिच्या मनात कधीपासून होतं. तिने सतरंजी झटकून जागा केली. "कोण व्हाचं तुले, आई?"

"मले घोडं पाह्यजे," चंदाबाई म्हणाली. "घोड्यावरची बाई. आन् नाव माह्यं नको. बिजली म्हना."

ज्या बाईने जन्मभर डोक्यावर पाटी वाहिली ती घोड्यावर बसली, आणि काय बसली! तिने घोड्याला पाणी पाजलं, खोगीर आवळलं, गावच्या पाटलाला दोन शब्द सुनावले. हरीओम तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग समीक्षाने नदी आणली. नदीला पूर, पलीकडे तापाने फणफणलेलं गाव, औषधाची पिशवी बिजलीच्या कमरेला.

"पुरात घोडं घालतं का?"

"घालतो ना! लोकं मरून राह्यले तिकडं."

"मंग हा घे." समीक्षाने मला तिच्या तळहातावर ठेवलं. "वीस सगळ्यात भारी, एक सगळ्यात खराब."

एवढंच सांगितलं. फेकायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं. हरीओम-ज्योत्स्नाला ते सांगावं लागलं नव्हतं. आणि चंदाबाईने दर रविवारी आकडे ऐकले होते, पण वळून कधी पाहिलं नव्हतं.

तिने मला पदराने पुसलं. डोळ्यांजवळ धरून फिरवत फिरवत वीस शोधले. आणि मग मला, ती बाजारात पाटीत टोमॅटो लावते ना तसं, हलक्या हाताने, चांगली बाजू वर करून सतरंजीवर ठेवलं.

मी वीस दाखवत बसलो. आता कबूल करायला जीव कानकोंडा होतो, पण त्या क्षणी मी चमकलो होतो. मला वाटलं, आता उड्या.

"काकू, चिटिंग!" हरीओम ओरडला. "ठेवला तुमी, फेकला नाही!"

ज्योत्स्ना हसून लोटपोट. "बाजारात बी असंच करत असान काकू! चांगले वर, सडके खाली!"

मनात काही नव्हतं तिच्या. तोंडाला आलं ते बोलून गेली. आणि समीक्षा हसली. हेच मी सांगायला बसलोय. समीक्षा हसली, चांगली मोठ्याने हसली.

चंदाबाईने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. तिचा चेहरा मला खालून दिसत होता. "मले वाटलं, मोठा आकडा वर ठेवा लागते," ती म्हणाली. मग उठली. "बसा तुमी. चाय ठेवतो."

चहा आला, ती आली नाही. समीक्षाने "बिजली घरी परत गेली" म्हणून खेळ पुढे रेटला. मी कुणी उचलेपर्यंत वीस दाखवत तसाच पडून होतो. उलटं व्हावं, एक वर यावा, नाहीतर सरळ फटीत घरंगळत जावं असं वाटत होतं. पण मला आपलं आपण हलता येत नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी चंदाबाई मेथी घेऊन अंगणात बसली. समीक्षाने हाक मारली तर म्हणाली, "मले नाही जमत माय ते." आवाज साधाच होता. समीक्षाने फार ताणलं नाही. उद्या-परवा विसरेल, असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं.

मग एकदा क्लास लवकर सुटला म्हणून समीक्षा बाजारात आईकडे गेली. मी तिच्या पर्समध्ये होतो, डबीसकट, आणि पर्सचं तोंड उघडं होतं. लांबूनच तिची पावलं मंदावली. चंदाबाईच्या दुकानापुढे कुणी थांबत नव्हतं. बायका येत, टोमॅटोंकडे बघत, पुढच्या दुकानावर जात.

"आई, हे असं काहून मांडलं तू?"

सगळे टोमॅटो डागाची बाजू वर करून लावले होते. कुठे काळा ठिपका, कुठे ओरखडा, कुठे देठाजवळची चीर. माल चांगलाच होता. पण डाग कुठल्या टोमॅटोला नसतो? तेवढा शोधून शोधून तिने वर केला होता.

"उगा कोनी म्हनाले नको," चंदाबाई म्हणाली. "वर चांगले ठेवते म्हनून."

समीक्षा रिकाम्या पोत्यावर मटकन बसली. तिने पर्समधून मला काढलं.

"आई, मी हासाले नको होतं."

"ती पोरगी परकी हाये, तिचं नाही लागलं मले," चंदाबाई पाटीकडे बघत म्हणाली. "तू हासली."

"फेका लागते हे मीच तुले सांगतलं नाही. चूक माही होती, आन् मीच हासलो."

शेजारचा लसूणवाला ओरडत होता. मग समीक्षा हळूच म्हणाली, "बिजली घरी नाही गेली, आई. नदीतच हाये अजून."

"इतके दिवस? घोडं थकलं असन बिचारं."

तिने हात पुढे केला. समीक्षाने या वेळी नीट दाखवलं, मुठीत कसं घोळवायचं, कसं सोडायचं. चंदाबाईने मला मुठीत धरलं आणि वजनकाट्याच्या रिकाम्या पारड्यात फेकलं.

मी जीव तोडून फिरलो. देवाशप्पथ सांगतो, आजवर कुणासाठी इतका फिरलो नव्हतो. वीस माझ्या डोळ्यांसमोर आले, गेले. मी थांबलो तेव्हा वर तीन होते.

तीन! ज्या बाईला मी न मागता वीस दाखवले, तिला मागितल्यावर तीन.

"हा नाही धरत, पुन्हा फेक," समीक्षा घाईने मला उचलू लागली.

चंदाबाईने तिचं मनगट धरलं. "नाही. तीन आले तं तीन. बिजलीचं काय झालं ते खरं सांग."

आणि समीक्षाने खरं सांगितलं. घोडा वाहून गेला. औषधाची पिशवी दातात धरून बिजली पोहत राहिली. गिऱ्हाईक आलं तर चंदाबाई त्याला "थांब जरा बाप्पा" म्हणाली.

आता ती रविवारी खेळायला बसते. ज्योत्स्नाने पाया पडून माफी मागितली, हरीओम दर वेळी तिला सगळ्यात आधी फेकायला देतो. नवीन कोणी आलं तर मला कसं फेकायचं हे चंदाबाईच दाखवते, आणि समोरच्याचं चुकलं तर तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नाही. मी तिच्या हातात असतो तेव्हा बरा पडायची धडपड करतो. जमतं असं नाही.

तुम्हीही कधी कुणा नवख्याला या खेळाला बसवाल. तेव्हा त्याने मला ठेवलं, लपवलं, कपाळाला लावलं, काहीही केलं तरी हसू नका. आधी फेकून दाखवा. एवढंच मागणं आहे माझं, आणि ते मागायला मला तोंड नाही हेही मला कळतं.

कारण समीक्षा अजूनही बाजारात जाते आणि बोलता बोलता आईच्या पाटीतले टोमॅटो सरळ करत बसते. चंदाबाई तिला करू देते. आणि ती निघाली, की एकेक करून पुन्हा डाग वर करते.