ताण आणि ढील

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याच्या गळ्यात असतो तो नव्हे. त्या गळपट्ट्यात अडकवून ज्याचं दुसरं टोक माणूस हातात धरतो, तो. मला दोनच गोष्टी कळतात, ताण आणि ढील. तेव्हा माझ्याकडून मोठ्या भावनांची अपेक्षा ठेवू नका.

मी आधी सीटबेल्ट होतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीत शिकाऊ माणसाच्या छातीवर मी असायचो आणि शेजारच्या सीटवर मास्तर. मास्तरांच्या पायाखाली जादा ब्रेक होता आणि तोंडात एकच शब्द, "हळू." कोणी घाबरून गाडी पळवली की "हळू, हळू." कोणी भिंतीच्या रोखाने निघाला की "हळू हो, भिंत कुठे पळून जात नाही." बारा वर्षं मी तो शब्द ऐकला आणि घामेजल्या छात्या धरून ठेवल्या.

गाडी भंगारात निघाली तेव्हा मास्तरांनी मला कापून घरी आणलं. चपला शिवणाऱ्याकडून एका टोकाला मुठीपुरता वळसा शिवून घेतला, दुसऱ्या टोकाला कडी. त्याच आठवड्यात घरात एक पिल्लू आलं होतं. ते दारातून जे सुटलं ते थेट न्हाणीघरात जाऊन बादलीवर आपटलं. "हा टॉप गियरमध्येच जन्माला आलाय," मास्तर म्हणाले आणि त्याचं नाव टॉप्या पडलं.

दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक दाबणारा हा माणूस संध्याकाळी मात्र ब्रेक विसरायचा. टॉप्या सुसाट निघायचा. मागून मास्तर फरफटत, धापा टाकत, हसत "हळू, हळू रे!" असं ओरडत जायचे. थांबवायचे मात्र कधीच नाहीत. मास्तरीणबाई दारातून विचारायच्या, "कोण कोणाला फिरवतंय?" मास्तर कोपऱ्यावरून ओरडायचे, "माझा ब्रेक ऑफिसात राहिला गं!" मी तेव्हा इतका ताणला जायचो की शिवण कुरकुरायची. तेच माझं सुख होतं, हे मला नंतर कळलं.

एका दुपारी मास्तर ऑफिसातल्या खुर्चीत जरा टेकले ते उठलेच नाहीत.

मी दारामागच्या खिळ्यावर लटकून राहिलो. माणसं आली, गेली. "बाई धीराची आहे," सगळे म्हणत. मास्तरीणबाई रडल्या नाहीत. त्या सकाळी दोन कप चहा गाळत आणि एक तसाच मोरीत ओतत. टॉप्या मागच्या अंगणात दोरीने बांधलेला असायचा. शेवटी एका सकाळी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. मूठ मला चांगली कळते. त्या मुठीत धीर नव्हता की दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. कपडे वाळत घालताना चिमटा धरावा, तसं त्यांनी मला धरलं.

टॉप्या पायऱ्यांकडे झेपावला. बाई म्हणाल्या, "हळू." टॉप्या दुप्पट जोराने सुटला. बाई तीन पायऱ्या घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात राहते. ती फोनवर म्हणाली, "आई, तो एक दिवस तुझा जीव घेईल. माझ्या मैत्रिणीचं शेत आहे, तिथे राहील मजेत. दोन महिन्यांनी मला रजा मिळतेय, तेव्हा मी त्याला घेऊन जाते."

"बरं," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी टॉप्याकडे बराच वेळ पाहिलं. मग प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "हा दोन महिन्यांत नीट चालायला शिकेल का हो? नाहीतर लेक नेणार आहे त्याला. ह्यांचं असं तेवढं एकच उरलंय बघा घरात, आपणहून हलणारं."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दवाखान्याच्या आवारात चालवून पाहिलं. टॉप्या ओढू लागला. बाई म्हणाल्या, "हळू." टॉप्याने कान टवकारले आणि धूम ठोकली.

"थांबा, थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा शब्द ह्याला कोणी शिकवला?"

"ह्यांनी."

"आणि म्हणताना काय करायचे ते?"

"पळायचे की मागून."

"मग झालं तर! ह्याच्या लेखी 'हळू' म्हणजे 'पळ'. शहाणा आहे हो कुत्रा, शिकवलंय तेच करतोय."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मलाही बत्तीस वर्षांत ह्यांचं बोलणं कुठे सरळ कळलं," एवढंच म्हणाल्या.

नवा शब्द ठरला, "सोबत." रीत सोपी होती. टॉप्याने ओढलं की जागच्या जागी थांबायचं. मी सैल पडलो की चालायचं, आणि तो पायाशी आला की त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. जुना शब्द घरात पुन्हा काढायचा नाही.

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत आम्ही फाटकापर्यंत पोचलो. शेजारचे आजोबा म्हणाले, "काय वहिनी, फिरायला निघालात की पुतळा व्हायला?" बाई थांबत, उभ्या राहत, चालत. डाव्या हाताने, न चिडता, न हसता. उभं राहणं त्यांना जड गेलं नाही. त्या कितीतरी दिवस तशाच उभ्या होत्या.

पाचव्या आठवड्यात टॉप्याला कळलं. सहाव्यात प्लास्टर निघालं. सातव्यात तो बाईंच्या गुडघ्याला खांदा लावून चालू लागला आणि मी दोघांच्या मधे नुसता लोंबू लागलो. सगळे म्हणाले, कमाल झाली. झालीच होती. मला मात्र काही कळेनासं झालं. ताण नसला की मी नसल्यासारखाच असतो. बाई माझ्यासारख्या आणि मी बाईंसारखा, असे आम्ही रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येत होतो.

मग लेक आली. येताना टॉप्यासाठी प्रवासाचा पिंजराही घेऊन आली. "आधी बघ तर," बाई म्हणाल्या. तिघं निघाले. टॉप्या असा चालला की लेकीने दोनदा वाकून तो तोच आहे ना, याची खात्री केली. कोपऱ्यावर फुटपाथ संपतो, तिथे एक उंच पायरी आहे. लेकीने आईचं कोपर धरलं आणि काळजीने म्हणाली, "आई, हळू."

तिचा सूर अगदी मास्तरांचा होता.

टॉप्याचे कान उभे राहिले. मी पुरता ताणला गेलो. पण टॉप्या स्वतःहून थांबला, वळला आणि लेकीच्या मागे पाहू लागला. तिथे कोणीच नव्हतं.

बाईंचा आवाज चिरकला. "पुन्हा म्हण."

"काय?"

"तेच. जसं ते म्हणायचे, तसं."

लेक गोंधळली. "हळू?"

टॉप्या सुटला. आणि बाईंनी त्याला थांबवलं नाही. त्या मागून पळाल्या, केस सुटले, चप्पल एक राहिली. लेक जिवाच्या आकांताने ओरडत मागे. "आई, हळू! अगं हळू!" दर हाकेसरशी टॉप्या आणखी जोरात! कोपऱ्यापलीकडच्या मैदानाच्या कडेपर्यंत आम्ही गेलो. माझी शिवण कुरकुरली. मला घट्ट, दुखेल इतकं घट्ट धरलेलं होतं.

मग बाई पाय रोवून उभ्या राहिल्या. "सोबत," म्हणाल्या. टॉप्या परत आला, गुडघ्याला टेकला. मी सैल पडलो. माझ्यावर पाणी पडत होतं. बाई खाली बसून रडत होत्या, हमसून, तोंड न झाकता. लेक हातात चप्पल घेऊन पोचली आणि तीही शेजारी बसली.

संध्याकाळी लेकीने मैत्रिणीला फोन करून एवढंच सांगितलं, "कुत्रा नाही येणार. त्याला इथे काम आहे." पिंजऱ्यात आता रद्दी असते.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. वळशाची शिवण उसवत चाललीय, कडी गंजलीय. रोज सैल लोंबत जातो, सैल लोंबत येतो. काही वाटत नाही, आणि तक्रारही नाही. सैल राहणं हीच आता माझी चाकरी. पण अधूनमधून, मैदान मोकळं असलं की, बाई इकडेतिकडे बघतात आणि मला दोन वेढे देऊन मुठीत घेतात.

एवढंच मागणं आहे. कधी मला हातात घेतलंत, तर तो शब्द उगाच तोंडातून काढू नका. काढायचाच असेल तर आधी मला घट्ट धरा.