माझे पोचे, माझे सूर

मित्रांनो, मी एक जुना स्टीलपॅन आहे. नाव ऐकून डोशाचा तवा डोळ्यांपुढे आणू नका. मी वाद्य आहे, पन्नाशीला टेकलेलं. सध्या मस्कतमधल्या दार्सैत भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मालकिणीचं सामान बांधून झालं आहे. आम्ही निघण्याआधी माझी कहाणी ऐका.

माझा जन्म पार तिकडे, कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर झाला. आधी मी तेलाचं एक साधं पिंप होतो. विन्स्टन नावाच्या कारागिराने मला कापलं, माझं बूड ठोकून ठोकून परातीसारखं खोल केलं आणि त्या खोलगटात एकोणतीस लहानमोठे फुगवटे उठवले. प्रत्येक फुगवटा म्हणजे एक सूर. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी तर निव्वळ घावांचाच बनलो आहे.

माझी मालकीण प्रेमा तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचे पणजोबा हिंदुस्थानातून ऊसमजुरीला त्या बेटावर गेले होते. मुलीच्या जातीने पिंपं बडवत बसावं हे तिच्या वडिलांना मुळीच पसंत नव्हतं. पण आमची प्रेमा ऐकते कसली! ती शाळेच्या वह्यांत मागच्या पानांपासून कविता लिहायची आणि कविता म्हणताना दोन ओळींच्या मध्ये मला वाजवायची. शब्द थांबले की मी बोलायचो, मी थांबलो की ती. असं कुणी पूर्वी ऐकलंच नव्हतं.

पुढे तिचा कवितासंग्रह आला, मग कादंबरी आली. त्या कादंबरीत तिने पणजीचा बोटीवरचा प्रवास लिहिला होता. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. तिने वादक जमवून बँड काढला, तो गावोगाव फिरू लागला आणि मीही, खोटं कशाला बोलू, थोडा फुशारलो. पण चार दिवस सासूचे असतात तसे चार दिवस सुनेचे. दुसरी कादंबरी कुणी विकत घेईना, बँड फुटला. पोटासाठी प्रेमा इकडे ओमानला आली आणि एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली. मी कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरीखाली गेलो. अठरा वर्षांत तिने मला क्वचितच खाली काढलं असेल. समुद्राच्या दमट हवेने कडांना गंज धरला. लेखिका म्हणून तिला इथे कोणी ओळखत नव्हतं आणि वाद्य म्हणून मला.

ओळखलं ते शेजारच्या मैथिलीने. ही पुण्याची बाई. भिंतीपलीकडून एकदा माझा आवाज ऐकला आणि डब्यात थालीपीठ घालून चौकशीलाच आली. प्रेमाची पुस्तकं तिने मागून मागून वाचली. प्रेमा निवृत्त होऊन बेटावर परत जाणार हे कळल्यावर तिने दार्सैतमधला एक हॉल ठरवला आणि जाहीर केलं, "प्रेमाताई, शुक्रवारी तुमचं कवितावाचन. स्टीलपॅनसकट!"

प्रेमा हरखली. मला खाली काढताना मात्र तिचा हात निसटला आणि मी पलंगाच्या कडेवर आपटलो. "मैथिली, इस में डेंट आ गया. एक सुर बिगड गया," ती इथेच शिकलेल्या हिंदीत हळहळली. आणि ठरल्याप्रमाणे तीन दिवस ओमानच्या दक्षिणेला, सलालाला फिरायला गेली. घराची किल्ली मैथिलीकडे होती.

मैथिलीने झाडांना पाणी घातलं, मला पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. एक डेंट कसला, हा तर पोच्यांनी भरलाय! पन्नास वर्षं बडवून घेतल्यावर दुसरं काय होणार? प्रेमाताईंना खूश करू, म्हणून तिने मला टॅक्सीत घातलं आणि मस्कतच्याच गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका गॅरेजात नेलं. तिथे अंबरीश नावाचा कुडाळचा डेंटर होता. ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे असे सरळ करायचा की मालकालाही खूण सापडू नये.

"वैनी, काय काळजी करू नकात. सांजेपर्यंत ह्या भांडा आरशासारख्या करून देतंय," तो म्हणाला.

आणि त्याने केलं! कडेचे बारा फुगवटे त्याने एकामागून एक सपाट केले. मला ओरडता येत नव्हतं, कारण ज्याने ओरडायचं तेच तो मिटवत होता. तेरावा ठोकण्याआधी सवयीने त्याने आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली. टण्ण! स्वच्छ सूर निघाला. त्याने कडेला टिचकी मारली. थप. त्याचा चेहरा पडला. हा माणूस दर आठवड्याला भजनात पखवाज वाजवणारा होता.

"वैनी, घात झालो. ते पोचे नव्हते, सूर होते!"

"अरे देवा," मैथिली मटकन खुर्चीत बसली. "आता प्रेमाताईंना तोंड कसं दाखवू?"

सोमवारी प्रेमा परतली. मैथिलीने रडत रडत सगळं सांगितलं. प्रेमा बराच वेळ माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. शेवटी तिने एवढंच विचारलं, "वो आदमी कहाँ है?"

अंबरीश मान खाली घालून आला. विन्स्टनने खिळ्याने कोरलेल्या सुरांच्या सीमारेषा अजून शाबूत होत्या. प्रेमा म्हणाली, "मैं गाती हूँ. तुम मारो." रोज काम सुटलं की तो गालाहून यायचा. ती एक सूर गळ्यातून लावायची, तो खालून हलका ठोका द्यायचा. "नहीं, और थोडा." "अब?" "बस, खलास!" कधी ती चिडायची, कधी तो घाम पुसत म्हणायचा, "मॅडम, मर्सिडीज आसान है." चार संध्याकाळी दोघांच्या नाकी नऊ आले. बारांपैकी सात सूर परतले. पाच काही केल्या बोलले नाहीत.

शुक्रवारी हॉल भरला. प्रेमाने वाचायला सुरुवात केली आणि ओळ संपली की मी बोलू लागलो. मुका सूर आला की ती तो तोंडाने म्हणायची. पहिल्यांदा लोक चमकले; मग मैथिलीने तिच्याबरोबर सूर धरला, आणि हळूहळू सगळेच ते पाच सूर गाऊ लागले. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढा सुखावलो नव्हतो.

टाळ्या थांबेनात तेव्हा प्रेमाने शेवटच्या रांगेतल्या अंबरीशला उभं केलं. "माझा ट्यूनर," ती मैथिलीकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला. नंतर जवळ येऊन पुटपुटला, "मॅडम, उधर अच्छे आदमी से सब ठीक करवा लेना. मेरा काम कच्चा है."

"पाँच करवाऊँगी," प्रेमा म्हणाली. "तुम्हारे सात को कोई हाथ नहीं लगाएगा."

अंबरीशने मान दुसरीकडे वळवली. डोळे पुसत होता बिचारा.

म्हणून सांगतो मित्रांनो, दुसऱ्याची जुनी वस्तू प्रेमाने नीट करायला घ्याल, तेव्हा आधी तिच्या माणसाला विचारा की हिचा बिघाड कुठला आणि हिचा आवाज कुठला. आणि घाईत चुकलात, तर अंबरीशसारखे चूक निस्तरायला रोज परत या.