फुगलेलं दार

सासूबाईंचा फोन आला तेव्हा ड्रायव्हर डेपोतून नुकताच घरी येऊन बूट काढत होता.

"पाणी ओसरलं," सासूबाई म्हणाल्या, "पण घराची पार दशा झालीय. मागचं दार वाहून गेलं, खिडक्यांच्या काचा फुटल्या, पुढचं दार फुगलंय. अर्धी गल्ली रिकामी आहे. काल कुणीतरी पलीकडच्या घरातली भांडी उचलून नेली. पण तुम्ही काळजी करू नका हं, जावईबापू. उद्या सकाळी खिडकीवाला येतोय. तो सगळा बंदोबस्त करून देतो म्हणालाय."

ड्रायव्हरची काळजी खरी तिथून सुरू झाली.

खिडकीवाला म्हणजे सासूबाईंच्या गल्लीच्या वरच्या टोकाला ज्याचं दारं-खिडक्यांचं दुकान होतं तो. ड्रायव्हरच्या बायकोच्या शाळेतला, तिच्याच वयाचा. इथवर ठीक होतं. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाई बोलण्याच्या ओघात बोलून गेल्या होत्या, की आमच्या चिमीचं आधी या खिडकीवाल्याशी जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. त्या दिवशी ड्रायव्हरने घरी जाताना बायकोला विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जमलं नाही." पुढे एक अक्षर नाही. ते दोन शब्द ड्रायव्हर तेव्हापासून चघळत होता. चघळून चघळून त्याने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता: बायकोने त्याला नाही म्हटलं असणार, आणि तो गडी अजून मनातल्या मनात झुरत असणार. या निकालाने त्याला बरंही वाटायचं आणि सलायचंही.

"मी रजा टाकतो," तो बायकोला म्हणाला. "आईंचं घर आहे. परक्या माणसावर सोडून कसं चालेल?"

"परका कुठला तो," बायको म्हणाली आणि जुने कपडे शोधायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा खिडकीवाला आधीच कामाला लागलेला होता. बैठं, तीन खोल्यांचं घर. भिंतींवर कमरेच्या वरपर्यंत पाण्याची तपकिरी रेघ, जमिनीवर चिकट गाळ, आणि सगळीकडे कुबट ओला वास. मागच्या दाराच्या जागी त्याने जाड फळ्या ठोकून टाकल्या होत्या. ड्रायव्हरने त्याच्याकडे निरखून पाहिलं. टक्कल पडलं असेल अशी एक बारीकशी आशा होती, तीही गेली. कानांजवळ थोडे केस पांढरे झाले होते आणि मेल्याला ते शोभत होते.

"या, जावईबापू," खिडकीवाला म्हणाला. जणू घर त्याचंच होतं.

बायकोने चपला बाहेर काढल्या, बाह्या वर सारल्या आणि सरळ जाऊन प्लायवूडचं दुसरं टोक धरलं.

"अरे, हा तुकडा या खिडकीला पुरणार नाही," ती म्हणाली. "ही बाकीच्यांपेक्षा उंच आहे."

"वर फट मुद्दाम ठेवतोय. हवा खेळली नाही तर भिंती वाळायच्या नाहीत."

"मग एवढीशी काय ठेवतोस? अजून खाली घे."

"बरं बाई. घेतो खाली."

ड्रायव्हर दारात उभा राहून ऐकत होता. अरे. ठेवतोस. घे. इतक्या वर्षांत बायकोने त्याला एकदाही 'अरे' म्हटलं नव्हतं. अहो, ऐकलंत का, जेवताय ना. सासरच्यांसमोर सुरू झालेलं ते 'अहो' दोघंच असतानाही तसंच राहिलं होतं आणि त्यात त्याला कधी काही खुपलंही नव्हतं. आज मात्र त्या 'अरे'त किती आपलेपणा भरलाय ते त्याला एकदम ऐकू आलं, आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

काम मात्र तो माणूस चोख करत होता. ओल्या चौकटीत स्क्रू धरत नाही, म्हणून तो खिडकीबाहेर प्लाय लावायचा, आतून आडवी लाकडी पट्टी टाकायचा, आणि दोन्हींतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने नट आवळायचा. बाहेरून कुणाला काही खोलता यायला नको. तो नुसतं "हं" म्हणायचा आणि बायको टोक वर करायची. पुन्हा "हं," की खाली. सासूबाई एका उलट्या बादलीवर बसून कौतुकाने बघत होत्या.

"हात कसा चालतो बघा त्याचा," त्या म्हणाल्या.

"मलाही काहीतरी काम द्या," ड्रायव्हर म्हणाला.

खिडकीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "उंबऱ्यातला गाळ खरवडता का? पुढच्या दाराची पट्टी तिथे बसवायचीय. दार मात्र लोटू नका. लाकूड फुगलंय, एकदा बसलं की निघणार नाही. वाळेपर्यंत उघडंच राहू दे. आज चौकटीवर बाहेरून फळी मारून साखळी-कुलूप लावू."

गाळ. दोनशे घोड्यांचं इंजिन रोज हाताळणाऱ्या माणसाला गाळ खरवडायला. ड्रायव्हर उकिडवा बसून खरवडू लागला. पाठीमागून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. काय विनोद झाला ते कळलं नाही, आणि विचारायचं कसं?

दुपारपर्यंत खिडक्या झाल्या आणि बोल्ट संपले. पुढच्या फळीसाठी अजून लागणार होते.

"मी आणते दुकानातून," बायको म्हणाली. "तुझी बायको आहे ना तिथे? पाना आणि एक बोल्ट दे, माप दाखवायला. आई, चल, तिच्याकडे चहाही होईल."

मायलेकी गेल्या. घरात दोघेच पुरुष उरले. खिडकीवाला आतल्या खोलीत हत्यारं आवरत होता. ड्रायव्हरने खरवडलेल्या उंबऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दार भिंतीला टेकून मुकाट उभं होतं. लोटू नका म्हणे. हा कोण सांगणारा? या घराचा जावई मी आहे. दाराला नीट खांदा लावला तर बसेल की. आणि बायको परत येईल तेव्हा दार बंद झालेलं दिसेल.

त्याने खांदा लावला. दार कुरकुरत निम्म्यापर्यंत आलं आणि अडलं. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने सगळं वजन टाकलं. दार धाडकन चौकटीत बसलं.

घरात अंधार झाला. प्लायच्या वरच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या तेवढ्या आल्या.

खिडकीवाला बाहेरच्या खोलीत आला. ड्रायव्हरने दाराची मूठ धरून ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा मूठ स्क्रूंसकट त्याच्या हातात आली.

"खिडकीचा एखादा प्लाय सोडू," ड्रायव्हर म्हणाला.

"पाना चिमीकडे आहे. मागच्या फळ्या उपटायला पहार लागेल, ती दुकानात राहिली."

चिमी. तेही नाव आहेच याच्या तोंडात. खिडकीवाल्याने खिशातून फोन काढून दुकानात लावला. "अगं, आईंचं दार जाम झालंय, आम्ही आत अडकलोय. त्या निघाल्या की त्यांच्याबरोबर पहार पाठव." दार कसं जाम झालं, कुणी केलं, एक शब्द नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं असं ड्रायव्हरला वाटलं. आता या माणसाचा चांगुलपणाही डोक्यावर घ्यायचा.

खिडकीवाला पालथ्या घमेल्यावर बसला. ड्रायव्हर सासूबाईंच्या बादलीवर. अंधारात माणूस जे एरवी विचारणार नाही ते विचारतो.

"तुमची बोलणी झाली होती," ड्रायव्हर म्हणाला. "हिच्याशी."

"हो."

"मोडलं कुणी?"

खिडकीवाल्याने हातातला हातोडा खाली ठेवला. "तिने सांगितलं नाही?"

"जमलं नाही म्हणाली."

"मग तेच खरं धरा ना."

"कुणी मोडलं?"

"मी," खिडकीवाला म्हणाला. "ती हो म्हणाली होती. मला दुसरी आवडत होती, तीच आता दुकानात बसते. पण घरी सांगायची हिंमत नव्हती. दोन महिने हो-ना करत राहिलो. चिमीने तेवढ्यात पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं. मग एक दिवस तिच्या वडिलांना जाऊन सांगितलं. तिला सांगायला गेलोच नाही. बरेच दिवस ती समोर आली की मी गल्ली बदलायचो. पुढे तिनेच एकदा गाठून विचारलं, आता आयुष्यभर असंच पळणार का? तेव्हापासून बोलतो."

ड्रायव्हरच्या डोक्यात आधी शिरलं ते एवढंच, की ती हो म्हणाली होती. पडद्यांचं कापड. कुठल्या रंगाचं, हेही त्याला विचारावंसं वाटलं. आणि मग बाकीचं हळूहळू आत उतरलं, तसा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तुम्ही तिला नाही म्हणालात," तो म्हणाला.

"हो."

"तिला?"

"अहो, सांगितलं ना, माझं मन दुसरीकडे—"

"दोन महिने वाट बघायला लावलीत आणि नाही म्हणालात. तिच्यात काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं."

"मग?"

हा माणूस आता आपल्यावर संशय घेतोय की आपल्याला तिचं स्थळ सुचवतोय, हे खिडकीवाल्याला कळत नव्हतं. ड्रायव्हरलाही कळत नव्हतं. या माणसाने तिला हवं म्हटलं असतं तर आपला संसार झालाच नसता, हे डोक्यात स्वच्छ दिसत असूनही, तिला नको म्हणणारा हा कोण, या विचाराने त्याच्या मुठी आवळल्या जात होत्या.

बाहेर पावलं वाजली. दारावर थाप पडली. "अरे, काय झालं?"

"मी लोटलं," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याच क्षणी खिडकीवाला म्हणाला, "काही नाही, फुगलंय." ड्रायव्हरच्या मनात आलं, ते 'अरे' कुणाला होतं? विचारण्याची सोय नव्हती.

"बाजूला व्हा दोघेही," बायको म्हणाली. पहारीचं टोक फटीत घुसलं, लाकूड करकरलं, सासूबाई "सांभाळून, सांभाळून" म्हणत राहिल्या आणि दार उघडलं. बायकोने ड्रायव्हरच्या हातातल्या मुठीकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. हसली नाही. याबद्दल तो नंतर तिचे मनोमन आभार मानणार होता.

उरलेलं काम दोघांनी मिळून केलं. ड्रायव्हरने फळी धरली, खिडकीवाल्याने भोकं पाडली. फळी जड होती आणि ड्रायव्हरने ती एकदाही हलू दिली नाही. काम झाल्यावर तो हातपाय धुवायला मागच्या नळावर गेला. बायको पाठोपाठ टॉवेल घेऊन आली.

"बोलला तुमच्याशी?" तिने विचारलं.

"हो म्हणाली होतीस तू."

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं होतं? नवीन नवरा, पहिलंच वर्ष, आणि मी सांगू की मला एकाने नको म्हटलं म्हणून तुमच्या वाट्याला आले?" तिने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. "तुम्ही आपलं धरून चाललात की मीच नाही म्हटलं. मला ते आवडलं. मी तसंच राहू दिलं."

ड्रायव्हर बोटांतला गाळ नखाने काढत राहिला.

"राग आलाय का?" ती म्हणाली.

"त्याचा आलाय."

"आणि माझा?"

"तुझाही. हो म्हणालीस त्याचा."

"तेव्हा मला तुम्ही माहीत तरी होता का? तुम्ही तेव्हा कुठल्या तरी घाटात गाडी चालवत असाल."

"तरी," ड्रायव्हर म्हणाला.

आता मात्र ती हसली. मघाशी आतून ऐकू आलं होतं त्याहून वेगळं, थोडं दमलेलं, आणि समोर त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिने त्याच्या कानामागचा गाळ टॉवेलच्या कोपऱ्याने पुसला आणि चपला शोधायला गेली.

घर वाळेपर्यंत सासूबाई त्यांच्याकडेच राहणार होत्या. सामान गाडीत भरल्यावर किल्लीचा प्रश्न निघाला. मधूनमधून कुणीतरी येऊन घर उघडायला हवं, भिंती बघायला हव्यात. सासूबाईंनी आधी जावयाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि पहिल्यांदाच त्यांना खिडकीवाल्याचं नाव घ्यायला संकोच वाटला.

"त्याच्याकडे द्या," ड्रायव्हर म्हणाला. "जवळ राहतो. मी देतो."

तो किल्ली घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला चालत गेला. दुकानात खिडकीवाल्याची बायको पुराचं पाणी लागलेल्या काचा पुसून रचत होती. खिडकीवाला दारात हातगाडीवर फळ्या बांधत होता. ड्रायव्हरने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"आठवड्यातून एकदा उघडा. लक्ष असू द्या." मग स्पष्ट केलं, "घरावर."

"असेल," खिडकीवाला म्हणाला.

ड्रायव्हर वळला, चार पावलं गेला आणि परत आला. "एक सांगतो. तुम्ही तेव्हा चूक केलीत."

खिडकीवाल्याने दुकानात नजर टाकली. "हळू बोला," तो म्हणाला. "तिला ऐकू जाईल."

ड्रायव्हर खाली आला तेव्हा सासूबाई मागच्या सीटवर पिशव्यांमध्ये बसून डुलक्या घेत होत्या. बायको पुढे बसली होती.

"एवढा वेळ काय बोलत होता त्याच्याशी?" तिने विचारलं.

"किल्ली दिली," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी चालू केली. चिखलातून चाकं जपून काढत तो गल्लीबाहेर आला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने शेवटी विचारलंच, की पडद्यांचं ते कापड कसलं होतं.

"हिरवं," बायको म्हणाली. "फार वाईट होतं."