सांगून ठेवलेलं घर

तो दारापासून खिडकीपर्यंत सरळ चालत गेला, कडी काढली, झडप उघडली आणि वळून म्हणाला, "आणखी काय करून दाखवू? नाचू?"

सरकारी मदतीच्या तपासणीला आलेल्या बाई हसल्या नाहीत. मांडीवरच्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मुलीला कडेवर घेऊन दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"घरात तर व्यवस्थित वावरतात हे."

"घर पाठ आहे त्याला, म्हणून," ती म्हणाली. "डावीकडचं काहीच दिसत नाही. ह्या मेंदूच्या आजारात..."

"डोळ्यांचा अहवाल चांगला आहे."

"डोळे चांगलेच आहेत हो. डोळ्यांनी पाठवलेलं मेंदू अर्धंच घेतो."

"मग तसं मेंदूच्या विभागाने लिहून द्यायला हवं."

"त्यांनी डोळ्यांच्या विभागात पाठवलं. डोळ्यांच्या विभागाने परत त्यांच्याकडे. तिथून तुमच्याकडे. आता तुम्ही कुठे पाठवताय?"

"माझ्यावर आवाज चढवून काही होणार नाही, ताई."

आवाज चढला होता हे तिला मुलीने खांद्यात तोंड लपवलं तेव्हा कळलं.

"तिचं मनावर घेऊ नका," तो खिडकीपाशी उभा राहून म्हणाला. "बायकोला मला आंधळा ठरवायची घाई झाली आहे."

हे वाक्य मुळात त्याच्या आईचं. फोनवर सुनेला ऐकवलेलं. त्याने ते कधी उचललं, तिला कळलं नव्हतं. तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं. रजा वाढवून मिळणार नव्हती, हे साहेबांनी दोनदा सांगून झालं होतं. म्हणजे सोमवारपासून दिवसभर घरात तो आणि नुकती रांगायला लागलेली मुलगी. मागच्याच महिन्यात त्याने मुलीला पलंगावर ठेवलं होतं, अगदी हळुवार, डोक्याखाली हात देऊन. फक्त तिथे पलंग नव्हता, पलंगाची डावी कड संपली होती. मुलीचा दंड ऐनवेळी तिच्या हाती लागला. त्यावर तो म्हणाला, "होतं कधी कधी." ह्या बाईंनी हो म्हटलं तर दिवसभराचा मदतनीस मिळणार होता, आणि काठी घेऊन चालायला, मान फिरवून डावीकडचं शोधायला शिकवणारा माणूस.

आणि हा नाचायला तयार.

आजार वाढला तेव्हा नियम त्यानेच घातला होता. न सांगता घरातलं काही हलवायचं नाही. तेव्हापासून ती दिवसभर बोलत असे. खुर्ची आत ढकलतेय. बादली मोरीच्या दारात आहे. कपाट उघडं आहे हं, डोकं सांभाळ. शेजारीण एकदा म्हणाली होती, "तुमच्याकडे रेडिओ लागतच नसेल, नाही? तुम्हीच चालू असता." तिचा घसा बसायचा, पण तो घरात कुठे अडखळत नसे. तिने त्याला इतकं नीट सांभाळून नेलं होतं, की आता तिचं म्हणणं कुणाला खरं वाटत नव्हतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मी जे बघितलं ते लिहिणार. स्वतंत्रपणे वावरतात."

"लिहा की," तो म्हणाला. "पाणी घेणार? थांबा, मीच आणतो."

तो दिमाखात स्वयंपाकघरात गेला. नळ सुरू झाला. बाई वाकून बॅगेची चेन ओढत होत्या, चेन मध्येच अडकली होती.

मुलीला भरवताना बसायचं स्टूल भिंतीच्या कोपऱ्यात होतं. तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि पायाने स्टूल सरकवलं. थोडं. मग आणखी थोडं, स्वयंपाकघरातून येणाऱ्याच्या डाव्या हाताला, वाटेतच. नळ बंद झाला. नेहमीचे शब्द तिच्या तोंडात आले होते, स्टूल आहे हं. तिने ते गिळले.

तो आला तो काठोकाठ भरलेला काचेचा पेला घेऊन. नडगी स्टुलावर आपटली, पेला हातातून सुटला आणि तो एका गुडघ्यावर कोसळला. मुलगी किंचाळून रडू लागली.

"काचा आहेत," ती म्हणाली. "हलू नकोस. पुढे सगळ्या काचा आहेत."

बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. मग भिंतीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे. मग तिच्याकडे.

"हे स्टूल नेहमी इथेच असतं?"

तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं होतं. मग तो मान आणखी डावीकडे नेत गेला, स्टूल त्याच्या उरलेल्या नजरेत येईपर्यंत. त्याने हात लांब करून त्याची बैठक चाचपली. हात तिथेच राहिला.

"इथेच असतं," तो म्हणाला. "मला दिसलं नाही."

हे तीन शब्द त्याने डॉक्टरांपुढे कधी उच्चारले नव्हते. आईपुढे नाही आणि तिच्यापुढेही नाही.

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या आणि त्यांनी टोपण काढलं. लिहिताना त्या एकदाही वर बघत नव्हत्या.

"मदतनीस सोमवारी येईल. शिकवणारे त्याच आठवड्यात फोन करतील." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आधीच सांगायचं होतं हो. माणसाने किती अंगावर काढायचं?" हे त्या दोघांपैकी कुणाला म्हणाल्या, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

दार लागलं. मुलीला पाळण्यात ठेवून तिने काचा गोळा केल्या आणि ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसून घेतली. तो भिंतीला टेकून बसला होता.

"नडगी बघू."

"राहू दे."

"रक्त आलंय."

"राहू दे म्हटलं ना."

तो भिंतीच्या आधाराने उठला. पलंगाकडे निघाला. ह्या खोलीत तो कधी कशाला हात लावून चालला नव्हता. आज त्याने डावा हात पुढे केला, बोटं पसरून. खुर्चीची पाठ लागली, तिथे थांबला. टेबलाचा कोपरा लागला, तिथे थांबला.

"मी आणखी काही हलवलेलं नाही," ती म्हणाली.

"हो का?" तो म्हणाला, आणि पुढची भिंत जागेवर आहे का ते हाताने बघू लागला.