कोठीतलं टपालघर

बिलयानाच्या घरी लोणच्याच्या बरण्यांमध्ये एक टपालघर होतं. खरंखुरं, चालू टपालघर! कोठीच्या मधल्या फळीवर डावीकडे जर्दाळूचा मुरांबा, उजवीकडे काकड्या, आणि मध्ये बाबांचा जुना कॉम्प्युटर घुं-घुं करत बसलेला. बाबा ट्रक घेऊन जर्मनीच्या वाटेवर असायचे, त्यांना काही तो लागत नव्हता. बिलयानानं उन्हाळ्याच्या सुट्टीत एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढवलं, डोकं फोडफोड फोडलं, आणि एके दिवशी तिचे ईमेल कुठल्याही कंपनीच्या दारातून न जाता थेट तिच्या घरी यायला लागले. प्लोव्दिव्ह शहरातल्या त्या अख्ख्या वस्तीत असं दुसऱ्या कुणाकडे असेल तर तिनं स्वतःचे कान कापून दिले असते.

"सगळं जग ज्या कंपन्यांकडे ईमेलचा पत्ता काढतं, तिथे तुला काय काटे टोचतात गं?" आई म्हणायची.

"तिथे आपलं कोण काय वाचतं, तुला माहितीये?"

"तुझ्या पत्रांत वाचण्यासारखं असतं तरी काय? 'भौतिकचा गृहपाठ पाठव'! वाचू दे की बिचाऱ्यांना."

पण बिलयाना संशयी होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. 'अनोळखी माणसाचं पत्र आलं तर काय करू?' असं सॉफ्टवेअरनं विचारलं, तेव्हा तिनं सगळ्यात कडक पर्याय निवडला. अनोळखी आला की टपालघर म्हणणार, 'तुम्हाला ओळखत नाही, तासाभरानं या.' लबाड असेल तो परत येत नाही, सज्जन असेल तो येतो. तोवर त्याचं नाव तात्पुरतं लक्षात ठेवायचं. कागदोपत्री काही नको. कुणी चोरलं म्हणजे? बिलयाना स्वतःवरच खूश झाली होती.

आता त्या टपालघरात एका पत्राची वाट पाहणं चाललं होतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. राजधानी सोफियातल्या प्रोग्रॅमिंगच्या शिबिरासाठी तिनं अर्ज केला होता. निवड झालेल्यांना पत्र जाणार, पत्रातलं 'येते' हे बटण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दाबायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. वर्गातल्या सिमोनाला पत्र सोमवारीच आलं. तिनं ते बाकाबाकावर जाऊन दाखवलं, अगदी शिपाईकाकूंनासुद्धा. बिलयानाला? ठणठण गोपाळ.

तिनं कार्यालयात फोन केला. तिकडच्या बाईंनी सुस्कारा टाकला. "मुली, यादीत तुझं नाव आहे. पत्र गेलंय. नाही मिळालं तर तुझ्या घरात शोध."

"दुसऱ्या पत्त्यावर पाठवता का?"

"अर्जावर जो पत्ता, तोच पत्ता." खाडकन फोन बंद.

म्हणजे पत्र निघालं होतं आणि वाटेत कुणीतरी गिळलं होतं! कुणी, हे ठरवायला बिलयानाला फार वेळ लागला नाही.

तळमजल्यावर नायदेन काका राहायचे. इमारतीच्या त्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांचा कारभार त्यांच्याकडे: दिवे, लिफ्ट, 'कुणाच्या कुत्र्यानं घाण केली' वगैरे. निवृत्त होण्याआधी ते पोस्टात होते. आणि जुन्या कम्युनिस्ट राजवटीत ते सरकारसाठी लोकांची पत्रं किटलीच्या वाफेवर धरून उघडायचे, असं अख्खा जिना म्हणायचा. त्यांच्यासमोर अर्थातच कुणी म्हणत नसे. समोर सगळे लाल मिरचीच्या चटणीची बरणी पुढे करून "काका, आमच्याकडची ल्यूतेनित्सा चाखा की!" असंच म्हणत.

त्यात तो सप्टेंबर. हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून, सोलून ठेवण्याचे दिवस. प्रत्येक बाल्कनीत मिरच्या भाजायची विजेची उभी भट्टी लालबुंद झालेली, पोत्यापोत्यानं लाल मिरच्या आलेल्या, आणि वस्तीवर त्या करपल्या सालींचा वास असा पसरलेला, की नाक बंद करून झोपलं तरी स्वप्नात मिरच्या याव्यात. या गडबडीत पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत सारखी वीज जायची. गेली की कोठीतली घुं-घुं थांबायची. आणि बिलयाना जिन्यात धावली, की तळघरातून, म्हणजे जिथे मेनस्विच आणि इंटरनेटच्या वायरी दोन्ही आहेत तिथून, हात पुसत कोण वर येताना दिसायचं? नायदेन काका! एकदा नाही, दरवेळी!

शिवाय बुधवारी लिफ्टमध्ये त्यांनी आपणहून विचारलं, "काय गं, आलं का सोफियाचं पत्र?"

यांना कसं कळलं? बिलयाना घरी आली, टपालघराचा पासवर्ड बदलला, यंत्र बंद करून परत चालू केलं. पुढे वीज जाऊन आली की ती दरवेळी तेच करायला लागली. पासवर्ड बदल, सगळं पुसून स्वच्छ कर, चालू कर. घ्या, आता घुसून दाखवा!

गुरुवारी तिचा बांध फुटला. वीज गेली, ती धाडधाड खाली उतरली, आणि तळघराच्या दारातच तिनं काकांना गाठलं.

"काय करत होतात खाली?"

"नाचत होतो," काका म्हणाले. "काय दिसतंय?"

"माझं पत्र कुठंय?"

"कुठलं पत्र?"

"तुम्हाला चांगलं ठाऊक आहे! जुनी सवय सुटत नाही वाटतं? आता काय, किटली वायरीला लावता?"

वरच्या मजल्यावर दारं किलकिली झाली होती, हे बिलयानाला न बघताही समजलं. काकांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. खिशातून हातरुमाल काढला, हात पुसले, घरात गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. तेच जास्त लागलं.

'चोराच्या मनात चांदणं,' बिलयानानं स्वतःला बजावलं. पण पटल्यासारखं वाटेना.

शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या तिनं बुर्गासच्या झोर्नित्साला फोन लावला. दोघींची मैत्री स्पर्धांमधून झालेली, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत झोर्नित्सा म्हणजे जरा जास्तच शहाणी.

"अगं, मी तुला बुधवारपासून पत्र पाठवतेय," झोर्नित्सा म्हणाली. "नवीन पत्त्यावरून. तुझं टपालघर आहे की खडूस म्हातारी?"

"म्हणजे?"

"मला म्हणतं, ओळखत नाही, तासाभरानं ये. बरं बाई. नंतर गेले, तर परत म्हणतं ओळखत नाही, तासाभरानं ये! परत गेले, परत तेच! बिली, तुझं यंत्र विसरभोळं आहे का?"

"विसरेल कसं? ते नाव लक्षात ठेवतं. तात्पुरतं. म्हणजे बंद होईपर्यंत..."

आणि बिलयाना थांबली. बाल्कनीतून मिरच्यांचा वास येत होता. खाली कुणीतरी ओरडलं, "नायदेन काका, परत गेली!" कोठीतली घुं-घुं थांबली.

"बिली? ए बिली, मेलीस का?"

"झोरे," ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे मिरच्या भाजतायत."

"मग?"

"मग वीज जाते. गेली की ते सगळी नावं विसरतं. आणि वीज आली की... मी स्वतः उरलंसुरलं पुसून टाकते. संशय म्हणून."

पलीकडे झोर्नित्सा इतकी हसली, की बिलयानाला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं बाई! म्हणजे सोफियावाले बिचारे पाच दिवस तुझ्या दारात उभे, आणि तू आतून ओरडतेस, कोण तुम्ही?"

"हसू नकोस! अजून येतील का ते?"

"बड्या ठिकाणची यंत्रं चिवट असतात, बरेच दिवस येतात. पण मध्ये तासन्‌तास जातात. आज आले तेव्हा तुझं दार उघडं हवं. वीज हवी!"

वीज आली तशी बिलयानानं तो कडक नियम काढून टाकला. या, कुणीही या! मग ती कोठीच्या दारात तशीच उभी राहिली. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची भट्टी, त्यांच्या वरची भट्टी, त्याच्याही वरची; सगळ्या एकदम लागल्यावर वीज जाणारच. नायदेन काका तळघरातून का वर येत होते, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. ते वीज घालवायला जात नव्हते, आणायला जात होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! बिलयानानं मात्र कावळ्याला पार फाशी दिली होती.

"आई," तिनं विचारलं, "शिबिराचं तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला म्हणजे? सगळ्यांना! माझी मुलगी आहे."

बिलयाना खाली गेली. दार वाजवायला हात तीनदा वर गेला आणि तीनदा खाली आला. शेवटी दार आपोआपच उघडलं. काका एप्रन बांधून, काळ्या बोटांनी उभे.

"आता काय चोरलं मी?"

"काही नाही. मी मूर्खासारखं बोलले. सगळ्यांसमोर बोलले." तिला सगळं धड सांगताच येईना. पत्र, भट्ट्या, टपालघर, विसरणं, सगळ्याची खिचडी झाली. "आज संध्याकाळपर्यंत वीज राहिली नाही, तर माझी जागा गेली. आणि जिन्यात तुमचंच ऐकतात."

"सगळ्यांसमोर बोललीस," काका म्हणाले.

"हो."

"मग चल."

जिन्याच्या मधोमध उभं राहून बिलयानानं सगळ्यांसमोर माफी मागितली. तिचे कान भट्टीसारखे तापले होते. त्यानंतर काकांचा आवाज जिनाभर घुमला: "आजपासून पाळ्या! एका वेळी एकच मजला भाजणार! सगळ्यात आधी मी!"

"तुम्हीच का आधी?" वरून कुणीतरी.

"कारण मला आज कामाला मुलगी मिळालीय!"

झालं! बिलयाना काकांच्या बाल्कनीत स्टुलावर बसून मिरच्या सोलू लागली. गरम मिरच्या, चिकट सालं, कोपरापर्यंत काळा रस. फोन समोर कठड्यावर. वीज टिकली. ऊन उतरलं. काका भट्टीत मिरची उभी करत, काढत होते. फोन मात्र गप्प.

आणि मग तो टुणकन वाजला.

बिलयाना ताडकन उठली, हात पाहिले, परत बसली. "काका, तुम्ही उघडा."

"मी? दुसऱ्याचं पत्र?"

"मी सांगतेय ना. उघडा, वाचा, लवकर!"

काकांनी एकेक बोट फडक्याला नीट पुसलं. फोन दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि पत्र इतकं अलगद, इतक्या सराईतपणे उघडलं, की बिलयानाच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

"'प्रिय बिलयाना, कळवण्यास आनंद होतो...'" काकांनी फोन तिच्यापुढे धरला. "पुढे बटण आहे."

तिनं पुढे वाकून ते बटण नाकानं दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. बिलयानानं अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, भाजलं का काय!

मग तिनं नवी मिरची उचलली. सोलता सोलता हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा हं. ती किटलीची गोष्ट..."

नायदेन काकांनी भट्टीचं झाकण लावलं.

"सोल," ते म्हणाले. "अजून अर्धं पोतं आहे."