पाटी लागलेलं घर

बाईंना त्या पाट्यांचा वीट आला होता. कंटाळा नव्हे, वीट! शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसानं गप घरी बसावं, चार झाडं लावावीत, दुपारी पंखा लावून आडवं व्हावं. पण यांनी जन्मभर इतिहास शिकवलेला ना! गावातली जुनी घरं एकेक करून पडताना बघवेना, म्हणून यांनी वारसा पाटीची योजना काढली. जुनं घर शोधायचं, किती जुनं ते पुराव्यानिशी ठरवायचं आणि दाराशेजारी पितळी पाटी लावायची, की हे घर अमुक साली अमक्यानं बांधलं. ऐकायला किती सोपं! करायला घेतलं तेव्हा नाकी नऊ आले.

ज्याला पाटी हवी त्याचं घर जुनं नसायचं. ज्याचं घर जुनं त्याला वाटायचं, पाटी लावली की घरपट्टी वाढणार. एकजण म्हणाला, "साल थोडं मागे ढकला की बाई, तुमच्या बापाचं काय जातंय?" दोन चुलत भावांचं, पाटीवर कुणाच्या वडिलांचं नाव आधी घालायचं यावरून इतकं वाजलं की ते एकमेकांशी बोलेनासे झाले. मग दोघं मिळून बाईंशी बोलेनासे झाले, ते वेगळंच.

"ताई, एक पाटी तूच गळ्यात अडकव," धाकटी बहीण म्हणायची. दोघी एकत्रच राहायच्या. "जुनी वास्तू आहे, कृपया डोकं खाऊ नये, असं लिही त्यावर."

बाई हसायच्या. पाय गरम पाण्यात सोडून बसलेल्या असायच्या, दुसरं काय करणार.

समिती तीनच माणसांची. बाई अध्यक्ष, दुसरे निवृत्त वकीलसाहेब आणि तिसरा वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, बाइंडिंगला जायच्या पुस्तकांच्या ढिगात, त्यांच्या बैठका चालत. ग्रंथपाल तसा भला माणूस, पण मत विचारलं की चष्मा पुसायला घ्यायचा.

या योजनेचा मुख्य नियम एकच होता आणि तो बाईंनी स्वतः लिहिला होता. पाटी लागली की घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा नाही. पायऱ्या, चौकट, खिडक्या, जे जसं आहे ते तसंच राहील. त्यालाही कारण होतं. सुरुवातीला बाईंनी एक सुंदर दगडी घर हेरून ठेवलं होतं. पाटी घेऊन गेल्या, तर मालकानं पाहुणे येणार म्हणून पुढच्या भिंतीला न्हाणीघरात लावतात तसल्या गुळगुळीत फरश्या ठोकलेल्या! बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. मग हा नियम आला. वकीलसाहेबांनी तो कायद्याच्या भाषेत असा पक्का केला की मुंगीला शिरायला जागा नको. शिवाय पितळ चोरीला जातं म्हणून पाटी दगडात खाच पाडून, सिमेंट भरून बसवायची, हीही त्यांचीच कल्पना.

"आता काढायची म्हटली तर दगडच फुटेल," ते अभिमानानं म्हणायचे.

पहिली पाटी लागली घड्याळजींच्या घराला. पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे आणि वर राहतं घर. रस्त्यावरून थेट दगडी पायऱ्या चढायच्या, वर नक्षीच्या दगडी चौकटीचं अरुंद दार. घड्याळजी आधी तयार नव्हते. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना तयार केलं. पाटी बसवली त्या दिवशी काकूंनी त्याच पायऱ्यांवर उभं राहून सगळ्या गल्लीला चहा पाजला होता. पुढे रोज सकाळी पाटी पुसायच्या त्याच.

वर्षभरानं काकू न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण त्या काही पुन्हा पायावर उभ्या राहिल्या नाहीत. चाकाची खुर्ची आली आणि काकूंचं बाहेर जाणं संपलं. पुढे पायऱ्या. मागचं दार उघडतं अशा बोळात की धडधाकट माणसानंही अंग चोरून चालावं. दवाखान्यात न्यायचं तर दोन गडी बोलवायचे आणि उचलून न्यायचं. तेवढंच काय ते बाहेर.

तर घड्याळजी एक दिवस समितीपुढे येऊन बसले. बोटं सारखी चोळत होते.

"पायऱ्या काढून उतार करायचाय," ते म्हणाले. "गवंड्याला दाखवलं. फळी टाकून बघितली, फार उभी होते. भिंतीकडेनं वळवून घ्यावा लागेल. आणि चौकट थोडी रुंद. खुर्ची अडकते."

ग्रंथपालानं चष्मा काढला.

"म्हणजे दर्शनी भाग पूर्णच बदलणार," वकीलसाहेब म्हणाले.

"मग पाटी काढून न्या. आमची तक्रार नाही."

"अहो, पाटी काढायची तर दगड फुटणार. आणि नगरपालिका ही योजना हातात घ्यायच्या बेतात आहे. त्यांचा अधिकारी येणार आहे पाहणीला. पहिल्याच घरानं नियम मोडला तर बाकीचे ऐकतील का? प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही."

वकीलसाहेब काही दुष्ट नव्हते. बाईंना ठाऊक होतं की ते बोलतायत ते सगळं खरं आहे. नगरपालिकेनं योजना घेतली असती तर बाईंच्या मागची वणवण सुटली असती. पाट्यांना पैसा, माणसं, कचेरी, सगळं आलं असतं. त्या घटकेची वाट बघत तर त्या कशाबशा उभ्या होत्या.

"मी घरी येऊन बघते," बाई म्हणाल्या. खरं म्हणजे नाही म्हणायला चारचौघांत जीभ रेटेना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मोजायची टेप काढून चौकट मापली, पायऱ्या मापल्या. उगाच! मापं त्यांना तोंडपाठ होती. मग आतून हाक आली.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर निवडायला घेतलेली भाजी.

"बसा बाई. नाही सांगायला आलात ना?"

बाई बसल्या. मान वर होईना.

"अहो, एवढं काय! मला राग नाही. मीच तर यांच्या मागे लागले होते पाटीसाठी. केवढा आनंद झाला होता तेव्हा." काकूंनी एक काडी मोडली. "फक्त एक विचारू? नियम लिहिलात तेव्हा आत माणसं राहतात, ती म्हातारी होतात, हे आलं होतं का हो मनात?"

बाईंनी आठवून बघितलं. चौकट आठवली, नक्षी आठवली, दगडाचा रंगसुद्धा आठवला.

"नव्हतं आलं," त्या म्हणाल्या.

"माझ्याही नव्हतं आलं," काकू म्हणाल्या. "चहा घेणार?"

चहा झाला. बाई उठल्या आणि तशाच गवंड्याकडे गेल्या. तो दुसऱ्या कामावर होता, त्याला उन्हात गाठलं.

"नक्षीचे दगड जपून काढशील?"

"काढीन की. पण वकीलसाहेब म्हणाले, परवानगी नाही."

"अध्यक्ष मी आहे. मी देते."

अध्यक्षाला एकट्याला तसा अधिकार नव्हता. हेही त्या नियमातच होतं.

काम सुरू झालं आणि जे व्हायचं ते झालं. पाटीचा दगड फुटला. वकीलसाहेब दारात येऊन उभे राहिले, फुटलेला दगड बघितला, म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्याशी असं करायला नको होतं," आणि निघून गेले. त्यांनी राजीनामा दिला. नगरपालिकेचा अधिकारी पाहणीला आला तो नेमका सिमेंट ओलं असताना. पहिल्याच घराचं हे, मग योजना आम्ही काय म्हणून घ्यायची, एवढंच विचारून त्यानं गाडी वळवली. त्यात चूक तरी काय होती त्याची? योजनेचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. पाट्या लागलेल्यांपैकी एकानं लगेच नवीन खिडकीसाठी भिंत फोडायला काढली.

त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात रडल्या. भांडी घासता घासता रडल्या, म्हणजे आवाज येऊ नये. धाकटीला कळलंच. तिनं थट्टा केली नाही, नुसती शेजारी उभी राहून भांडी पुसत राहिली.

"चूक केली का गं मी?"

"काय माहीत, ताई. दमलीस मात्र."

उतार वाळला त्या दिवशी घड्याळजींचा निरोप आला, काकू बाहेर येणार आहेत, तुम्ही या. बाई गेल्या. जायचं मन नव्हतं, पण गेल्या. गवंड्यानं शब्द राखला होता. चौकट रुंद झाली होती, तरी नक्षीचे दगड एकाला एक जुळवून पुन्हा बसवले होते, आणि मधला नवा दगड शोधावा लागेल असा मिसळून गेला होता. बाईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. निदान हे तरी राहिलं.

खुर्ची दारातून सुटली, उतारावरून हळूहळू खाली आली. घड्याळजींना धाप लागली म्हणून खालच्या वळणावर बाईंनी मागचे दांडे धरले. रस्त्यावर काकूंनी डोळे मिटले, उघडले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. समोरच्या दुकानदारानं हात हलवला तर यांनी दोन्ही हात हलवले.

"काकू, जरा वळवते हं खुर्ची," बाई म्हणाल्या. आवाजात नको तेवढी आशा होती, त्यांनाही ती ऐकू आली. "घर बघा तरी. चौकट कशी जुळवलीय बघा."

"घर?" काकू म्हणाल्या. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. "आतून बघून बघून डोळे गेले माझे त्या घरात. राहू दे ते तिथं. चला बाई, पुढं चला. त्या कोपऱ्यापर्यंत तरी चला."

बाईंनी जोर लावला आणि खुर्ची पुढे ढकलली.